भेवाळू ड्रायव्हरची मुलगी

मंडळी,

हा माइक मी दोन्ही हातांनी का धरलाय, ते पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. मागच्यांना वाटेल, बाई तयारीनं उभी आहे. तयारी कसली? एका हातात धरला तर तो हलतो, आणि हलणारा माइक सगळ्यांना दिसतो.

एरवी गावात माझी ख्याती वेगळी आहे. गॅदरिंग असो, हळदीकुंकू असो, कुणाचा निरोप समारंभ असो, "मॅडमला बोलायला लावा, मॅडम मस्त सालटी काढतात" असं म्हणून मला पुढे ढकलतात. मी बोलते. लोक हसतात. ज्याची सालटी निघतात तोही हसतो, कारण न हसून करतो काय? पण आज मला बोलणं जमेल असं वाटत नाही. आयुष्यात मी ज्या माणसाची सगळ्यात जास्त थट्टा केली, तो माणूस त्या फोटोत हार घालून बसलाय. जिवंतपणी मी एक बोलले की तो दोन ऐकवायचा. आता नुसता बघतो.

कापूस वेचणीचे दिवस आहेत. वावरात माणूस मिळत नाही आणि मिळालेला टिकत नाही. तरी तुम्ही कामं टाकून आलात. आमच्या घराच्या वतीनं मी तुमची आभारी आहे.

आणि खरं सांगायचं तर मी आज नुसती दुःखात नाही. मी घाबरलेली आहे. बाबूजी गेले, माझा बाप गेला, हे एक झालं. दुसरं म्हणजे उद्या सकाळी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते. तुम्ही म्हणाल, शोकसभेत शाळा कुठून आली? सांगते. थोडं सांभाळून घ्या. मध्येच खाली बसले तर वानखडे काका आहेत. वानखडे काका बाबूजींच्या गाडीवर कंडक्टर होते. माणसं धरून ठेवायची त्यांना सवय आहे.

माझ्या आधी भाऊसाहेब बोलले. भाऊसाहेब आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, आणि मी त्यांच्या शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका. प्रभारी म्हणजे काय, तर खुर्ची असते, पण तिला टेकून बसायचं नसतं. भाऊसाहेब फार चांगलं बोलले. बाबूजींना नेलं त्या दिवशी ते घरच्या माणसासारखे सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते, हे मी विसरणार नाही. पण ते म्हणाले, "बाबूजी निडर होते."

भाऊसाहेब, रागावू नका. आपल्या तालुक्यात मेलेला प्रत्येक माणूस निडर असतो. मनमिळाऊ असतो, अजातशत्रू असतो. मला नेहमी प्रश्न पडतो, मग शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडणं करतं कोण?

बाबूजी निडर नव्हते. आमचे बाबूजी भित्रे होते.

आई, मान खाली घालू नको. तूच सांग, खोटं बोलते का मी? कुकरची शिट्टी जवळ आली की हा माणूस अंगणात जायचा. गॅसची टाकी बदलायची असली की आम्हा सगळ्यांना आधी बाहेर काढायचा आणि मग स्वतःही बाहेर येऊन टाकीवाल्याला आत पाठवायचा. माझ्या स्कूटीवर मागे बसला की सबंध रस्ताभर पायानं नसलेला ब्रेक दाबायचा. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो, की पायऱ्या उतरताना कठडा सोडायचा नाही. पुजारी म्हणायचे, "सोडा ना बाबूजी, देव समोर हाय." हे म्हणायचे, "देव हाय जी, पन पायऱ्या बी हायेत."

आणि असा माणूस उभं आयुष्य एसटीचा ड्रायव्हर होता!

गावात त्यांना नाव होतं, भेवाळू ड्रायव्हर. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण म्हणायचे सगळे. ओव्हरटेक करायचे नाहीत. वळणावर गाडी अशी घ्यायचे की कोंबडीही निवांत रस्ता ओलांडेल. कॉलेजची पोरं त्यांची गाडी सोडून मागच्या गाडीनं यायची आणि यांच्या आधी पोचायची. पण वानखडे काका परवा एक गोष्ट सांगत होते, ती मला आजवर ठाऊक नव्हती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेल्या पोरींचे बाप स्टँडवर येऊन विचारायचे, "काहून जी, भेवाळू ड्रायव्हरची गाडी कधी लागते?" आणि ती लागेपर्यंत पोटुशी पोरगी घेऊन बाकावर बसून राहायचे.

माझ्या बापाला मिळालेला हा एवढाच पुरस्कार. त्याला शाल नव्हती, नारळ नव्हता.

आता एक प्रसंग सांगते. मी तेव्हा कॉलेजात होते. यवतमाळला वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता, "भीती हा माणसाचा शत्रू." भाषण मी तोंडपाठ केलं होतं, हातवाऱ्यांसकट. बाबूजींच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. पावसाळा निम्मा उलटलेला, रात्रभर वर कुठंतरी कोसळलेलं. गाडी नाल्याच्या रपट्याशी आली आणि थांबली. तो आपला बिनकठड्याचा ठेंगणा पूल तुम्हाला माहीत आहे. त्याच्यावरून लाल पाणी चाललं होतं.

मागून एक जण ओरडला, "काय झालं वो ड्रायव्हर सायेब?"

"पानी हाय."

"पानी त राहीनच! नाल्यात पानी नाई त का पेट्रोल राहीन?"

सगळी गाडी हसली. दुसरा म्हणाला, "घोट्याएवढं बी नाई, बाप्पा. थ्या म्हशी चालल्या पाहा."

बाबूजी म्हणाले, "म्हशीले पोहता येते जी. माह्या गाडीले नाई येत."

"बांगड्या भरा मंग!"

बाबूजींनी इंजिन बंद केलं, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "आनून द्या. भरतो. पन गाडी नाई जात. मले भेव वाटते."

मंडळी, त्यांनी ते कसं म्हटलं, हे मला तुम्हाला करून दाखवता येत नाही. चिडून नाही. लाजूनही नाही. "मले ताप हाय" असं एखादा सांगतो ना, तसं सांगितलं. मले भेव वाटते. भरल्या गाडीत, वर्दी घातलेल्या, मिशीवाल्या माणसानं.

तेवढ्यात मागून एक काळी-पिवळी जीप आली. हॉर्न वाजवत आमच्या बाजूनं पुढे झाली. अर्धी गाडी उतरून तिच्यात कोंबली गेली. मीही पिशवी घेऊन उठले. बाबूजींनी नुसता हात आडवा घातला.

"बस खाली, बाई."

"बाबूजी, माही स्पर्धा हाय!"

"स्पर्धा पुढच्या वर्षी बी राहीन."

ती जीप पाण्यात शिरली. आणि काय झालं? काहीच झालं नाही. आरामात पलीकडे गेली. पलीकडून लोकांनी शिट्ट्या मारल्या, एकानं टोपी हलवून दाखवली. आम्ही पाणी उतरेपर्यंत बसून राहिलो. वानखडे काकांनी सगळ्यांना स्वतःच्या डब्यातला चिवडा वाटला, तो मी खाल्ला नाही. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्या जीपमध्ये गेल्या होत्या. उद्या कॉलेजात काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बाबूजींवर भडकले. म्हटलं, "गेली ना जीप? झालं का काही?"

म्हणाले, "नाई झालं. बरं झालं, नाई झालं."

"लोक हसले तुमाले!"

"हासले ना. तुले लोकायचं भेव वाटून राह्यलं, मले पान्याचं. लोकायचं हासनं उद्यापरवा ओसरते, बाई. त्याच्यापायी आज पान्यात कायले जाव?"

तेव्हा मला ते पळपुट्याचं बोलणं वाटलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की त्या गाडीतला प्रत्येक माणूस घाबरलेला होता. जीपमध्ये बसलेलेही. फक्त ते पाण्यापेक्षा एकमेकांना जास्त घाबरत होते. माझा बाप एकटा असा निघाला, ज्यानं दोन्ही भित्या तराजूत टाकून पाहिल्या आणि पाण्याचं पारडं जड आहे म्हणून सांगितलं.

आणि त्याचं दुःखही कळलं. भ्यालेला माणूस बरोबर असला, तर काहीच घडत नाही. आणि जे घडलं नाही, त्याचा सत्कार कोण करणार? जिथे गाडी वाहून जात नाही, तिथे पुढारी येत नाहीत, फोटो निघत नाहीत. लोक फक्त म्हणतात, "पाहा, काही झालं नाही. उगाच घाबरत होता." बाबूजींनी उभ्या नोकरीत हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल!

आता शाळेकडे येते. भाऊसाहेब, मी तुमच्याकडे बघत नाही, कारण बघितलं तर मला पुढचं बोलता येणार नाही. फोटोकडे बघून बोलते.

आमच्या शाळेची जुनी इमारत सगळ्यांना माहीत आहे. पाचवी ते सातवी तिथेच भरते. तुमच्यातले अर्धे तिथेच शिकलात. यंदाच्या पावसात ती गळली. सातवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत स्लॅबचा पोपडा पडला, पाटाएवढा. मुलं बाहेर डबे खात होती. कोणालाही खरचटलं नाही. आम्ही झाडून घेतलं. पुढचा तास गणिताचा होता, तो झाला.

दिवाळीच्या थोडं आधी बाबूजी माझा चष्मा द्यायला शाळेत आले होते. मी तो घरी विसरले होते. मी शिकवत होते त्या सातवीच्या वर्गाच्या उंबरठ्यावर उभे राहिले आणि वर बघायला लागले. वर सळया दिसत होत्या, गंजलेल्या. मी म्हटलं, "या ना आत."

"नाई. मले भेव वाटते."

मी हसले. म्हटलं, "बाबूजी, मी रोज बसते इथं."

त्यांनी वर्गभर नजर फिरवली. म्हणाले, "तुई खुर्ची काहून दारापाशी हाय?"

मी म्हटलं, "उजेड येतो इथं."

"मंग पोरायले उजेड नाई लागत?"

एवढं बोलून चष्मा माझ्या हातात दिला आणि गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

मंडळी, ते गेल्यावर मी उठले आणि त्या इमारतीतला एकेक वर्ग बघत गेले. प्रत्येक वर्गात शिक्षकाची खुर्ची दाराजवळ होती. प्रत्येक! आम्ही कधी मीटिंग घेतली नव्हती. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. पोपडा पडल्यापासून रोज थोडी थोडी करत सगळ्या खुर्च्या आपोआप दाराकडे सरकल्या होत्या. खुर्च्यांना पाय असतात, हे मला ठाऊक होतं. अक्कलही असते, हे त्या दिवशी कळलं. आणि मुलं मधोमध बसली होती, रांगेत, हाताची घडी घालून. कारण हाताची घडी घाला असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं.

माझे सहकारी इथं बसलेत. त्यांना शरमिंदं करायला मी हे सांगत नाही. ती माणसं वाईट नाहीत. खुर्ची माझीही दाराशीच होती, आणि मी तर त्यांची मुख्याध्यापिका.

मी भाऊसाहेबांकडे गेले. म्हटलं, एखाद्या जाणकार इंजिनिअरला दाखवू, तोवर वर्ग बंद ठेवू. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, काही होत नाही."

भाऊसाहेबांची अडचण खोटी नाही. मी ती इथं सांगते, म्हणजे एकतर्फी होणार नाही. वर्ग बंद दिसले की पालक दाखले काढतात. पट कमी झाला की तुकडी जाते. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणजे तो कुठल्या कोपऱ्यात फेकला जाईल, ते देवाला ठाऊक. भाऊसाहेबही घाबरलेत. फक्त त्यांची भीती कोट घालून येते, म्हणून तिला आपण व्यवस्थापन म्हणतो.

सुट्टीत त्या इमारतीला रंग दिला गेला. पिवळा, छान दिसतो. सळया झाकल्या गेल्या. मला निरोप आला की शाळा उघडताच सगळे वर्ग त्याच इमारतीत भरवायचे.

तो निरोप मी बाबूजींना सांगणार होते. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. दुपारी ते जेवले, जरा आडवे होतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. जन्मभर ज्याला मरणाची धास्ती होती, त्याला मरणानं दार न वाजवता नेलं. एवढी एक दया केली. पण माझं सांगायचं राहून गेलं, आणि त्यांचं उत्तर ऐकायचंही.

लोक मला भेटायला येतात आणि म्हणतात, "मॅडम, तुम्ही धीट आहात, सावराल." मी धीट कधीच नव्हते हो! मी जिभेनं तिखट होते. तिखट जीभ आणि धीट काळीज यांची आपल्याकडे फार गल्लत होते. मी भल्याभल्यांची सालटी काढली, कारण घरी एक माणूस माझ्या वाटचं सगळं भिऊन घ्यायचा. मी रात्री उशिरा गाडीवरून यायची, तो फाटकाशी उभा राहून भ्यायचा. मी कोणाशी भांडून यायची, तो दोन दिवस भ्यायचा. ते काम आता माझ्याकडे आलंय, आणि मला ते येत नाही. गेले सगळे दिवस मी जेवताना वर बघते, निजताना वर बघते. आत्ता बोलतानासुद्धा मी दोनदा वर बघितलं. वर तर नुसतं मंडपाचं कापड आहे.

मला स्लॅबचं भेव वाटते. भाऊसाहेबांचंही वाटते. मेमो येईल, चौकशी लागेल, प्रभार जाईल. तुमच्यातलेच काही जण चौकात म्हणतील, बाप मेल्यानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. आणि सगळ्यात मोठं भेव याचं, की ते वर्ग रिकामे राहतील, तो स्लॅब पडणारच नाही, आणि वर्षभर लोक मला म्हणतील, "पाहा मॅडम, काही झालं का?"

असू दे. मी ते ऐकून घेईन. देवा, मला ते जन्मभर ऐकवलं जावं.

भाऊसाहेब, आता तुमच्याकडे बघून सांगते. उद्या मी जुनी इमारत उघडणार नाही. चाव्या माझ्यापाशी आहेत. तुम्ही मुख्याध्यापक बदललात, तर नव्या माणसाला मी त्या नीट मोजून देईन, अडवणार नाही. फक्त एक विनंती करीन. ज्या कोणाला ते वर्ग भरवायचे असतील, त्यानं आपली खुर्ची मधोमध ठेवावी.

आणि पालकांनो, पोरांना घरी ठेवू नका. शाळा भरेल. अन्वरभाई मंडपवाले आज रात्री हा मंडप सोडणार होते. मी दुपारी त्यांना भीतभीतच विचारलं, काही दिवस राहील का? त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते कनातीच्या दोऱ्या बघत म्हणाले, "रहने दो मॅडम. माहे दोन नातू हायेत त्या वर्गात. बांबू आणखी लागन त सांगजा." तर पाचवी ते सातवी उद्या इथं बसेल, आमच्या अंगणात. आई, तुला विचारलं नाही, चुकलं माझं. पण तू नाही म्हणाली नसतीस.

झालं माझं. आपण बाबूजींसाठी दोन मिनिटं उभं राहू या. श्रद्धांजलीला उभं राहिलं म्हणजे कोणी कोणाच्या बाजूनं उभं राहत नाही, हे भाऊसाहेबांनाही ठाऊक आहे, तेव्हा नि:शंक उठा. शांतता संपली की ज्यांना घाई असेल त्यांनी जावं, मी राग धरणार नाही. ज्यांना माझ्याइतकीच भीती वाटत असेल, त्यांनी मात्र थोडं थांबावं. खुर्च्या उचलून सतरंज्या अंथरायच्या आहेत, आणि एकटीनं ते होणार नाही.

बाबूजी, नमस्कार करते.